चिनी जनरलचं सर्व्हिस बुक

दर रविवारी फोनवर तुम्ही दोघं पहिला प्रश्न विचारता, "आजी, जनरल कुठवर आला?" आणि मी "चाललंय" म्हणते. गेल्या तीन रविवारी मी विषय बदलला, हे तुमच्या लक्षात आलं असणार. आता सांगण्यासारखं झालं आहे. फोनवर सांगणं जमणार नाही, कारण तुमचे आबा शेजारी बसलेले असतात आणि मध्येच दुरुस्त्या सांगतात. म्हणून लिहिते. क्रमाने लिहिते, म्हणजे तुमच्या आईला वाचून दाखवताना पानं मागेपुढे करावी लागणार नाहीत.

सिल्वासातल्या आमच्या आमलीच्या घराची वरची खोली आम्ही भाड्याने देतो. आता तिथे धुळ्याकडचं कुटुंब आहे. त्याआधी चार महिने एक चिनी इंजिनिअर राहून गेला. नरोलीच्या एका सुताच्या कारखान्यात नवी यंत्रं आली होती, ती बसवायला तो आला होता. शांत माणूस. एप्रिलमध्येसुद्धा गरम पाणी प्यायचा, माझा वरणभात चमच्याने खायचा आणि मला 'टीचर' म्हणायचा. संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसायचा, आबा खाली खुर्चीत. त्याला थोडं इंग्रजी येई, आबांचं इंग्रजी कचेरीतल्या पत्रांचं. दोघांच्या मध्ये मी. पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळणं त्यापेक्षा सोपं होतं.

जाताना त्याने आबांना एक पातळ पुस्तिका दिली. त्याच्या तालुक्यात येणाऱ्या प्रवाशांसाठी इंग्रजीत छापलेली. तालुक्यातली देवळं, तालुक्यातले मासे, तालुक्यातली थोर माणसं. दर ओळीत एक चूक. शेवटची चार पानं दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका जनरलवर होती. हा जनरल आमच्याच गावचा, इंजिनिअर म्हणाला. मोठे जनरल वेगळे, त्यांच्यावर सिनेमे निघतात. याला तालुक्याबाहेर कुणी ओळखत नाही.

आबांनी मला सांगितलं, "त्याला विचार, या जनरलचं रेकॉर्ड नीट ठेवलंय का?"

मी विचारलं. तो हसला आणि पुस्तिकेकडे बोट दाखवून म्हणाला, एवढंच.

आबांना ते लागलं. का लागलं, ते कळायला त्यांची नोकरी माहीत हवी. सिल्वासाच्या कचेरीत ते आस्थापना शाखेत होते. म्हणजे इतर सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नोकरीचा हिशोब ठेवणारी शाखा. तिथे दर माणसाचं एक जाड पुस्तक असतं, सर्व्हिस बुक. नोकरीत कधी लागला, बढती कधी, बदली कुठे, रजा किती, शिक्षा झाली का, शेवटचा दिवस कुठला, सगळं त्यात. शिपायाचंही तेवढंच जाड आणि साहेबाचंही. आबांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं लिहिली. एखाद्याच्या पुस्तकात दोन नोंदींच्या मध्ये रिकामी जागा दिसली, तर त्यांना जेवण जात नसे. त्याला ते खंड म्हणायचे. सेवेत खंड पडला की मागची सगळी सेवा पुसली जाते. माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर.

इंजिनिअर गेल्यावर आठवड्याभरात ते बसस्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक कोरं सर्व्हिस बुक विकत घेऊन आले. कचेरीतून कधी टाचणीही न आणलेला माणूस. म्हणाले, "त्याचं करून टाकू."

"कुणाचं?"

"जनरलचं. तू वाचून मराठीत सांग, मी लिहितो."

ही झाली तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चार पानांना तीन वर्षं कशी लागतात, असं तुमच्या आईने विचारलं होतं. आबांना वेळ आणि मला संसार, म्हणून लागतात. रोज दुपारी तीनचा भोंगा होऊन कारखान्यांच्या बसेस रस्त्यावरून गेल्या की आम्ही बसायचो. एखादं वाक्य मी वाचायचे आणि त्यावर आबांचे दहा प्रश्न.

पहिल्याच पानावर गाडी अडली. जन्मतारीख नाही. जनरलच्या आईबापांनी ती कुठे लिहिली नव्हती, लिहिणार कशी, नदीकाठी बाजरीसारखं धान्य पिकवणारी माणसं ती. "मग निवृत्तीचं वय कसं काढायचं?" आबा म्हणाले. दोन दिवस विचार करून त्यांनी लिहिलं, 'जन्मतारीख उपलब्ध नाही, अंदाजे.'

जनरल नोकरीला लागला तो घोड्यांच्या पागेत मोतद्दार म्हणून. एका हिवाळ्यात पागेत रोग आला. बाकीचे मोतद्दार मंत्रतंत्र करत होते. याने आजारी घोडे ओढ्यापलीकडे नेऊन वेगळे बांधले आणि स्वतः त्यांच्यासोबत झोपला. अर्ध्याहून जास्त घोडे वाचले. त्याबद्दल त्याला शंभर माणसांवर नायक केलं. आबांनी ती नोंद हिरव्या शाईने केली. "खालून वर आलेला माणूस," ते म्हणाले. आबासुद्धा कनिष्ठ कारकून म्हणून लागले होते.

मग त्याची बदली उत्तरेच्या सरहद्दीवर झाली. तिथे मातीच्या भिंतीवर थोड्या थोड्या अंतराने बुरूज होते. शत्रू दिसला की दिवसा धूर करायचा, अंधार पडल्यावर जाळ. एका बुरुजावरचं दुसऱ्याने पाहायचं आणि पुढे कळवायचं. जनरल दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बुरुजावर चढून सरपणाच्या मोळ्या स्वतः मोजायचा, असं पुस्तिकेत होतं. आबा खुर्चीत ताठ बसले. "बघ! वरिष्ठ असून प्रत्यक्ष तपासणी." ते वाक्य त्यांनी माझ्याकडून चारदा वाचून घेतलं.

जनरल हा किताबही त्याला एकाच मोहिमेपुरता मिळाला होता. त्या काळी तशी पद्धत होती. आबांनी त्याला 'तात्पुरती बढती' म्हटलं आणि तात्पुरती बढती कायम होत नाही म्हणून एक उसासाही सोडला. मोहीम अशी, की वाळवंटातल्या एका झऱ्यापाशी ठरल्या दिवशी मुख्य सैन्याला जाऊन मिळायचं. वाटेत धुळीचं वादळ आलं, वाटाड्या चुकला. जनरल पोचला तेव्हा लढाई संपली होती आणि आपलीच माणसं वाळूत पडली होती. उशिरा येण्याची शिक्षा मृत्यू. पण जुनी सेवा पाहून प्राण घेतले नाहीत. किताब, हुद्दा, सगळं काढून त्याला साधा माणूस करून घरी पाठवलं.

त्यानंतर पुस्तिकेत नवा परिच्छेद. नऊ वर्षांनी सम्राटाने त्याला परत बोलावलं.

मधल्या नऊ वर्षांबद्दल एक अक्षर नाही.

इथे मला आबांच्या तब्येतीबद्दल सांगायला हवं. तुमच्या आईला माहीत आहे, तुम्हाला अर्धवट. मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या विसरण्याने निराळं वळण घेतलं. चष्मा विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो ते विसरणं वेगळं. वापीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हे वाढत जाणार असं सांगितलं. त्यांनी ते आबांच्या देखत सांगितलं, ते एका परीने बरं झालं. गाडीत बसल्यावर आबा म्हणाले, "डोकं जागेवर आहे तोवर जनरलचं पुस्तक बंद झालं पाहिजे. अर्धवट पुस्तक दुसऱ्याच्या टेबलावर टाकून मी कधी गेलो नाही."

हातही थरथरायला लागला होता. तेव्हापासून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

तर ती नऊ वर्षं. पहिल्या दिवशी आबांनी पुस्तिकेची पानं उलटून पाहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लिही. नऊ वर्षं, असाधारण रजा."

"कुणी मंजूर केली?"

"सम्राटाने."

"कुठे म्हटलंय?"

"अगं, परत बोलावलं ना त्याला? बोलावलं म्हणजे मधला काळ नियमित केलाच असणार."

"'असणार' हा शब्द सर्व्हिस बुकात चालत नाही, हे तुम्हीच सांगत आलात."

"इंग्रजी शिकवून शिकवून तू फार कोरडी झालीस."

"आणि तुम्ही रिटायर झाल्यावर मऊ झालात. कचेरीत असताना व्हायचं होतं, लोकांनी दुवा दिला असता."

मी लिहिलं नाही. पुस्तिकेत नाही ते मी लिहिणार नव्हते. मग त्यांनी मला त्या इंजिनिअरला मोबाइलवर विचारायला लावलं, की जनरलच्या रजेचा काही कागद गावात मिळेल का. मी लाजत लाजत तसा मेसेज पाठवला. आधी हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली. चार दिवसांनी एक फोटो आला. मातीचा एक बुटका बांध, त्यावर चरणाऱ्या तीन शेळ्या. खाली लिहिलं होतं की गावातले म्हातारे म्हणतात, जनरल घरी होता तेव्हा त्याने हा बांध घातला. आबांनी भिंग घेऊन फोटो पाहिला. "'म्हणतात' हा पुरावा नव्हे," ते म्हणाले आणि भिंग खाली ठेवलं.

त्यानंतर रोज तेच. दुपारी तीन वाजता पुस्तक उघडायचं, नऊ वर्षांपाशी थांबायचं, पाचला मिटायचं. कधी 'प्रशिक्षण' लिहूया म्हणायचे, कधी 'प्रतिनियुक्ती', म्हणजे दुसऱ्या खात्यात पाठवणी. सकाळी त्यांची आंघोळ, गोळ्या, दहा वेळा दाराची कडी बघणं, दुपारी हा चिनी माणूस. मी दमले होते. त्यातल्याच एका दुपारी ते म्हणाले, "एवढ्या इमानदार माणसाची मागची सेवा अशी वाया जाऊ द्यायची? काहीतरी नियम असेलच की." आणि माझा तोल गेला.

तुम्हाला हे ठाऊक नाही. तुमची आई चार वर्षांची असताना तुमच्या पणजीला, म्हणजे आबांच्या आईला, अर्धांगवायू झाला. मी तेव्हा इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी राजीनामा दिला आणि सात वर्षं त्यांचं सगळं केलं. त्या गेल्यावर त्याच शाळेत परत लागले, ती नवीन म्हणून. मी जिला पहिल्या दिवशी खडू कुठे ठेवतात ते दाखवलं होतं, तिच्या हाताखाली. तेव्हा मी आबांना विचारलं होतं, "मागची सेवा धरावी म्हणून अर्ज करून बघू का?" ते चहा पीत होते. म्हणाले, "राजीनामा म्हणजे राजीनामा. अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीच फेटाळला असता." चूक काहीच बोलले नव्हते. नियम तसाच होता. मी अर्ज केला नाही आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

तो त्या दुपारी काढला. म्हटलं, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिन्यासाठी नियम शोधताय. माझ्या सात वर्षांसाठी कुठला नियम शोधलात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. "कुठली सात वर्षं?" त्यांनी विचारलं.

खरंच विचारत होते. मी पुस्तक मिटलं आणि कपडे वाळत घालायला गेले. भांडायला समोर माणूस लागतो. कपडे वाळत घालून झाल्यावर पुन्हा काढले आणि पुन्हा घातले, इतकी मी चिडले होते. कुणावर, ते मात्र ठरेना.

त्यानंतर तीन आठवडे मी पुस्तक उघडलं नाही. हेच ते तीन रविवार. आबा विचारायचे, मी कामं सांगायचे. एका सकाळी मी भाजी निवडत होते आणि दार उघडं राहिलं. वीस मिनिटांनी वरचे भाडेकरू, ते धुळ्याचे, रात्रपाळीहून परत येत होते, ते आबांना हाताला धरून घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामा डबा.

"मावशी, काका तिथं नाक्यावर हुभे होते ना. मी म्हनलं घरी चला, तं म्हने ऑफिस को लेट हो रहा है."

"अहो, कुठे निघाला होतात?" मी विचारलं.

"कचेरीत. नियमाचं पुस्तक बघायला," आबा म्हणाले. "त्या माणसाची केस पडून आहे. तू तर काही बोलत नाहीस."

भाडेकरूंना वाटलं, कुणा खऱ्या माणसाची केस आहे. "व्हइल काका, टेन्शन नका घेऊ," म्हणाले आणि वर झोपायला गेले.

त्या दुपारी भोंगा झाल्यावर मी आपणहून पुस्तक काढलं. आधी पुढचं सगळं लिहून घेतलं, कारण ते पुस्तिकेत होतं आणि त्यात वाद नव्हता. जनरलला परत बोलावलं तेव्हा तो म्हातारा झाला होता. सरहद्दीवरचं एक लहान गाव राखायचं होतं, तिथे दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. मागचे अधिकारी राजधानीहून धान्य येण्याची वाट पाहत बसायचे. याने सैनिकांच्या हातात कुदळी दिल्या. त्यांनी पाट काढले, शेतं केली. पुढच्या हिवाळ्यात वेढा पडला, तेव्हा गाव स्वतःचं पिकवलेलं खात बसलं आणि शत्रूच कंटाळून निघून गेला. मग जनरलने घरी जाण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पुस्तिका तिथे संपते. मृत्यूची नोंद नाही. यावेळी आबांनी तक्रार केली नाही. "परवानगी घेऊन गेला," एवढंच म्हणाले.

मग मी नऊ वर्षांच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"एवढी वर्षं होता कुठे हा?"

"घरी," मी म्हटलं.

"घरी काय करत होता?"

"घरात जे असतं ते. आजारी माणूस होतं. अंथरुणातलं. त्याचं सगळं उठूनबसून करायला लागायचं. वेळ मिळेल तेव्हा बांध घातला."

"कुणी दुसरं नव्हतं करायला?"

"नव्हतं."

"साक्षीदार?"

"मी आहे."

हे खोटं होतं. बांधाची गोष्ट निदान गावातले म्हातारे सांगतात, आजारी माणसाचं कुणीही सांगितलेलं नाही. ते वाक्य माझं आहे, तुम्ही पुढेमागे हे पुस्तक वाचलंत तर तेवढी खूण करून ठेवा. म्हणूनच मी पेन्सिल घेतली होती. आबांनी ते पाहिलं.

"पेन्सिल कसली? सर्व्हिस बुकात पेन्सिल चालत नाही. पेन घे. लिही, 'सदर कालावधीत कर्मचारी घरी आजारी व्यक्तीच्या सेवेत होता. ही अनुपस्थिती स्वेच्छेची मानता येणार नाही. सबब सेवेतील खंड क्षमापित करण्यात येत आहे. मागील सेवा सलग धरावी.'"

अडखळले नाहीत. बत्तीस वर्षांचा आवाज होता तो, मी तो विसरले होते. मी लिहिलं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली. सही वाकडी आली, पण त्यांचीच दिसत होती.

"खाली लिही, प्रत माहितीसाठी."

"कुणाला? सम्राटाला?"

त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं. 

"संबंधित शिक्षिकेस," ते म्हणाले.

मी पेन उचललं नाही. "कुठल्या शिक्षिकेला?" मी विचारलं.

"तू लिही. नाव आस्थापनेला माहीत असतं." आणि मग, "चहा झाला का?"

त्यांना काय आठवलं होतं, काही आठवलं होतं का, की इंजिनिअर मला टीचर म्हणायचा ते डोक्यात कुठे अडकून राहिलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारून मिळालं नसतं. मी ती ओळ लिहिली आणि चहा ठेवला. चहा उकळून गेला, मला कळलंही नाही. दुसरा ठेवावा लागला.

तर जनरल घरी पोचला आहे. पुस्तक माझ्या कपाटात वरच्या खणात, माझ्या शाळेच्या कागदांवर ठेवलं आहे.

आता अडचण निराळी आहे. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर आबा खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "आण." आणायला माझ्याकडे काही नव्हतं. मी त्यांना वर्तमानपत्र दिलं, ते त्यांनी घडी घालून परत केलं. रोज तीन वाजतात, ते रोज येऊन बसतात. आणि तीन ते पाच हे दोन तास ते दाराकडे जात नसत, हे मला आता कळतंय.

म्हणून तुम्हा दोघांना एक काम. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात बघा आणि एखादा माणूस शोधून पाठवा. कुठल्याही देशाचा, कुठल्याही काळाचा चालेल. फार प्रसिद्ध नको, प्रसिद्ध माणसांचं सगळं आधीच लिहिलेलं असतं. तीन-चार पानांचा मजकूर पुरे. इंग्रजीत असू दे, मराठी मी करीन. आणि मध्ये खंड असेल तर उत्तमच. तो भरायला आम्हाला वेळ लागेल.